माठाला सांगितलेली गोष्ट

एप्रिल लागला की अमरावतीत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जुनं गवत उपसायचं, नवं भरायचं, पंप चालतो का बघायचा. ओल्या गवताचा तो पहिला वास घरभर पसरला की म्हणायचं, झाला उन्हाळा सुरू. यंदा आमच्याकडे हे काम चालू असतानाच फोन आला. आवाज गोड होता, शब्द पाठ केलेले.

"मॅडम, पर्यावरणाच्या संकटावर आम्ही एक कलाप्रदर्शन करतोय. खारपाणपट्ट्यातल्या काही अस्सल व्यक्तींशी तुम्ही आमची ओळख करून द्याल का?"

अस्सल व्यक्ती! जसं काही मी त्या बरणीत भरून ठेवल्यात. "मी आता ओळखी करून देत नाही," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. कूलरची जाळी धरून उभा असलेला माझा नवरा म्हणाला, "इतकं तुसडं बोलायची काही गरज होती?"

होती. का होती, ते सांगायचं तर तीन वर्षांमागचा उन्हाळा सांगावा लागेल.

अमरावती आणि अकोल्याच्या मधे, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी एक पट्टा आहे. वरून बघाल तर काळी कुळकुळीत जमीन, दृष्ट लागावी अशी. खालचं पाणी मात्र खारट. विहीर खणा, बोअर मारा, खारटच. दर्यापूरच्या पुढे अशाच एका गावात मी अकरा वर्षं चित्रकला शिकवली. त्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही. दूध घालून चहा केला तर फाटतो. शाळा सुटल्यावर एस.टी.त बसले की बडनेरा येईपर्यंत ओठांवर जिभेला खार लागत राहायचा. पिण्याचं गोडं पाणी लांबच्या धरणातून पाइपानं येतं. आठ दिवसांनी, कधी दहा, कधी पाइप फुटला की त्याहून उशिरा. ते पाणी घरात झाकून ठेवतात आणि बाकी सगळ्याला खारं वापरतात. ते खारं पाणी मातीच्या माठात भरलं की माठ पाझरतो आणि बाहेरच्या अंगाला पांढरा खार फुटतो. आधी ठिपके येतात, मग नक्षी उमटते, आणि पुढे चुना फासल्यासारखा जाड थर बसतो.

ऋता भुलली ती त्या थराला.

ऋता पुण्याची. तिशीतली, हुशार, मेहनती, आणि खरं सांगायचं तर मनानं चांगली. ती वाईट असती तर मला एवढं डोकं फोडावं लागलं नसतं. एका संस्थेनं तिला अकोल्यात पाण्यावर प्रदर्शन भरवायला पाठवलं होतं. स्थानिक माणूस हवा म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. अठ्ठावीस वर्षं मी वर्गात उभं राहून सफरचंद आणि फुलदाणी काढून दाखवली. माझी स्वतःची चित्रं बघायला त्या अठ्ठावीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. आणि इथे एक शिकलेली चित्रकर्ती मला विचारत होती, "मॅडम, तुम्हाला या थराचा रंग कसा दिसतो?" मी फुलले. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो, पण फुलले.

मी तिला माझ्या गावात घेऊन गेले. चौदा बायकांनी आपापले जुने, खार फुटलेले माठ द्यायचं कबूल केलं. माठ हॉलमध्ये अंधारात ठेवायचे, प्रत्येकाच्या आत एक छोटा स्पीकर, आणि माठाला कान लावला की त्या माठवालीचा आवाज ऐकू येणार, अशी ऋताची कल्पना. कल्पना चांगली होती. मी आजही म्हणते, चांगली होती.

आवाज घ्यायचं काम दोन दिवस चाललं. बायका यायच्या, लाजायच्या, माठाच्या तोंडाशी वाकून "पानी खारं हाय, काय सांगू आनखी" म्हणून हसत सुटायच्या. शेवटी राहिली वच्छलाबाई. साठीची, उंच, काटक, बोलायला फटकळ. तिचा नातू माझा विद्यार्थी. तिच्या घरी गोड्या पाण्याचा चहा मी किती वेळा प्यायले असेन, त्याला गणती नाही. तिचे यजमान नामदेवभाऊ आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जायचे. गोडं संपलं की प्यावं लागणाऱ्या खाऱ्या पाण्यामुळेच किडन्या गेल्या का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. गावाला मात्र शंका नव्हती.

गोठ्याच्या सावलीत आम्ही तिघीच होतो. नामदेवभाऊ घरात झोपले होते. ऋता अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, आम्हाला नका सांगू. माठाला सांगा. जे कुणाला सांगितलं नाही, ते माठाला सांगा."

वच्छलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग ती वाकली. माठाचं तोंड तिनं दोन्ही हातांनी धरलं. आणि ती बोलायला लागली.

"डाक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं, बाई, हे काई सुदरनार नाई. फार तं एखादं वरीस. म्या त्याइले सांगतलं नाई. त्याइले वाट्टे, चार-सा मयने चकरा मारल्या का बरं होईन. आता म्हन्तात, पुढच्या साली हरबरा मीच पेरतो. म्या म्हन्तो, पेरा. आन् म्या इकडं येऊन जनावराले पानी पाजता पाजता रडतो."

माझ्या हातातली वही भिजली. ऋताही रडत होती. मग तिनं एक कागद पुढे केला. इंग्रजीत छापलेला, दोन पानी. वच्छलाबाई म्हणाली, "मॅडम, हे काय हाय?"

"काही नाही हो, फक्त आवाज वापरायची परवानगी," मी म्हणाले. "करा सही."

तो कागद मी वाचलेला नव्हता. अठ्ठावीस वर्षं मुलांना, सूचना नीट वाचा, मग पेपर सोडवा, असं सांगणारी मी.

प्रदर्शन मे महिन्यात उघडलं. अकोल्याचा मे! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, दुपारी माणूस तर सोडाच, कुत्रंही दिसत नाही. हॉल थंड ठेवायला आयोजकांनी सहा मोठे कूलर लावले. सहा कूलर दिवसाला किती पाणी पितात, ते त्यांना रोज सकाळी टँकरनं भरणाऱ्या माणसाला विचारा. आत अंधार, पाणीटंचाईवरचे माठ, आणि चहूबाजूंनी गोड्या पाण्याचे फवारे मारणारे कूलर. मी हे एका आयोजकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, हाही एक विरोधाभास आहे. आपण त्याकडेही एक विधान म्हणून बघू शकतो." अशा माणसाशी काय बोलणार? जे निस्तरता येत नाही, त्याला विधान म्हणायचं.

भिंतीवर माहितीफलक होते. 'जलस्मृतींचा पाझर', 'क्षारांची भाषा', 'मौनाशी संवाद'. मी रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचे आणि या फलकांखाली बसायचे. लोक येत. कॉलेजची मुलं, डॉक्टर मंडळी, दोन-चार पुढारी. माठाला कान लावत, डोळे मिटत, फोटो काढून घेत. वच्छलाबाईच्या माठापाशी रांग लागायची. बाहेर येऊन बायका डोळे टिपत आणि आयोजकांनी ठेवलेलं थंड पाणी बाटलीनं पीत. अर्धी बाटली तिथंच टाकून जात. त्या अर्ध्या बाटल्या गोळा करून मी बाहेरच्या कडुनिंबाला घालायचे. दिवसाकाठी बादलीभर पाणी व्हायचं.

आठवड्यानं, एका मंगळवारी, दुपारच्या वेळी दारात वच्छलाबाई दिसली. आणि तिच्या मागे नामदेवभाऊ.

डायलिसिस आटोपून ते सरळ आले होते. पांढरा सदरा, दंडाला पट्टी, चेहरा राखेसारखा. "मॅडम," ते हसून म्हणाले, "हे रोज म्हन्ते, आपला माठ अकोल्यात जाऊन बसला. म्हनलं, पाहून तं येऊ, काय थाटात हाय!"

मला कळायला हवं होतं. मी वच्छलाबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. तिला वाटत होतं, आवाज म्हणजे सगळ्यांचा मिळून कालवा असेल. किंवा तिनं जे माठाला सांगितलं, ते माठातच राहिलं असेल. तसंच तर सांगितलं होतं तिला. मी पुढे होऊन त्यांना अडवायला हवं होतं. "भाऊ, आधी चहा घेऊ," मी म्हणाले.

"चहा मंग. आधी आपला माठ."

आपला माठ माणसाला अंधारातही ओळखू येतो. ते सरळ तिकडे गेले. वाकवेना, म्हणून जमिनीवर बसले आणि कान लावला. वच्छलाबाई शेजारी उभी, कौतुकानं बघत. मी तीन पावलांवर.

त्यांनी पूर्ण ऐकलं. आवाज संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ते हलले नाहीत. दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकलं. मग वर पाहून बायकोला म्हणाले, "तू बी आयक."

ती वाकली. दोन वाक्यांतच ताठ उभी राहिली आणि तोंडावर पदर घेतला.

"साऱ्या अकोल्याले सांगतलं," नामदेवभाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता. "येनारा-जानारा आयकून राहिला. येक मलेच सांगाले काय झालं होतं?"

ते भिंतीला धरून उठले आणि बाहेर गेले. वच्छलाबाई त्यांच्या मागे धावली नाही. ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मॅडम, माहा आवाज काढा त्याच्यातून. आत्ताच्या आत्ता."

ऋताला बोलावलं. तिलाही हे अपेक्षित नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ती म्हणाली, "काकू, मला खूप वाईट वाटतंय. पण तुमचाच माठ या सगळ्याचा गाभा आहे. तो काढला तर काही उरत नाही. आणि तुम्ही संमती दिली होती ना?" आयोजक म्हणाले, परवा मोठे पाहुणे येणार आहेत, तोवर थांबा, मग बघू. एकानं तर तो इंग्रजी कागद काढून आणला.

वच्छलाबाईनं त्या कागदाकडे पाहिलंही नाही. "मॅडमनं सांगतलं म्हनून म्या सही केली," ती म्हणाली. आणि निघून गेली. बसची वेळ झाली होती.

मी माणूस शांत आहे. शाळेत पट्टी मी फक्त रेघा मारायला वापरली. पण त्या क्षणी त्या अंधाराचा, त्या कूलरच्या घरघरीचा आणि 'मौनाशी संवाद' या अक्षरांचा मला असा संताप आला की मी माठात कोपरापर्यंत हात घातला, स्पीकर ओढला, वायर तोडली आणि तो ऋताच्या हातात ठेवला. "हा घे तुझा गाभा," मी म्हणाले.

त्यांना दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. ऋतानंच करू दिलं नाही, असं मला नंतर कळलं. एवढं तिच्या पदरात घालायला हवं.

पण पुढचं ऐका. मोठे पाहुणे आले. वच्छलाबाईच्या माठाला कान लावून ते चांगली दोन मिनिटं उभे राहिले. आत काहीही नव्हतं. कूलरची घरघर घुमत असेल तेवढीच. ते बाहेर आले आणि अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले की न बोलणारा माठ सर्वांत जास्त बोलला. त्यांच्या खाली आणखी नऊ जणांनी साधारण तेच लिहिलं. मी ती वही वाचली, मिटली, पर्स उचलली आणि दोनची गाडी पकडून घरी आले. पुन्हा गेले ती फक्त शेवटच्या दिवशी, माठ परत न्यायला.

टेम्पोत चौदा माठ घालून मी गावात गेले, तेव्हा कळलं की नामदेवभाऊंनी अकोल्याला जाणं बंद केलंय. तीन पाळ्या चुकल्या होत्या. पाय सुजून खांबासारखे झाले होते, दम लागत होता, आणि ते बायकोशी एक शब्द बोलत नव्हते. वच्छलाबाईनं दार उघडलं, मला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

मी खाटेशी उभी राहिले. "भाऊ, चूक माझी आहे. वच्छलाबाईंची नाही. त्यांना मी सही करायला लावली. माझ्यावर रागवा, पण दवाखान्यात जा."

"मराचंच हाय तं चकरा काहून माराच्या?"

यावर कुठल्याही फलकावर उत्तर नव्हतं. तेच पुढे म्हणाले, "मॅडम, मले मराचं काई वाटत नाई. पन येक सांगा. सत्तर वरसाचा मानूस म्या. त्या माठात माहं काय होतं? किडनी. बाकी काई नवतं? लोकं आयकून गेले, आरेरे म्हनून गेले. त्याइले काय माईत, म्या कोन होतो?"

"कोण होता, भाऊ?" मी विचारलं. खरंच विचारलं. अकरा वर्षं त्यांच्या घरचा चहा पिऊन मीही कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्या फोनात आवाज भरते का?"

"भरतो."

"मंग भरा. माहं म्हननं आधी भरून घ्या, मंग पाहू."

उशीला टेकून ते पाऊण तास बोलले. पाण्याबद्दल एक शब्द नाही. बोलले हरभऱ्याबद्दल. एक थेंब वरून न देता, नुसत्या जमिनीच्या ओलीवर या खाऱ्या पट्ट्यात जसा हरभरा येतो, तसा दुनियेत येत नाही. पाऊस उघडल्यावर ढेकूळ हातात घ्यायचं, मुठीत दाबायचं आणि सोडायचं. फुटलं तर थांबायचं नाही, पेरायचं. चिकटलं तर चार दिवस दम धरायचा. सकाळी पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, धरते, ती फडक्यानं कशी टिपून घ्यायची. पोटदुखीला ती कशी द्यायची. एका वर्षी त्यांचा हरभरा बघायला दुसऱ्या गावची माणसं बैलगाडीनं आली होती. बोलता बोलता त्यांचा आवाज मोठा झाला, मधेच खोकला आला, मधेच ते कुणा जुन्या गड्याच्या आठवणीनं हसले. दारात वच्छलाबाई येऊन कधी उभी राहिली, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"बस," ते शेवटी म्हणाले. मग दाराकडे बघून, तेरा दिवसांत पहिल्यांदा, बायकोला म्हणाले, "उद्याची गाडी किती वाजता हाय?"

"सात वाजता," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून आत गेली.

ते गेले दवाखान्यात. पुढेही जात राहिले. मी काही जिंकले, असं नाही. त्यांचं आयुष्य वाढलं असेल तर चार-सहा महिन्यांनी. पण त्या वर्षी हरभरा त्यांनीच पेरला. म्हणजे बांधावर खुर्ची टाकून बसले आणि पेरणाऱ्यांना शिव्या दिल्या. घाटे भरले तेव्हा गेले.

ऋताचा एकदा फोन आला होता. प्रदर्शन दुसऱ्या शहरात मागवलंय, तो न बोलणारा माठ पाठवता येईल का? लोकांना तोच जास्त भिडला होता. "तो गोठ्यात आहे," मी म्हणाले, "आणि त्यात पाणी आहे." मग ती म्हणाली, "बरोबर आहे, मॅडम." आणि तिनं फोन ठेवला.

कला आणि संकट यांचं नातं काय, असं मला अजूनही कुणीतरी कार्यक्रमात विचारतं. मला ठाऊक नाही. संकटाकडे बघायला शिकवते ती कला, असं मी पूर्वी म्हणायचे. आता वाटतं, आपण संकटाकडेच इतकं टक लावून बघतो की त्यात उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. हेही वाक्य कुणी फलकावर लिहील, म्हणून ते मी कार्यक्रमात बोलत नाही.

नामदेवभाऊ गेल्यावर उन्हाळा लागला, तेव्हा मी गावात गेले. त्यांचा आवाज फोनमधून काढून एका छोट्या पेटीत भरून नेला होता, बटण दाबलं की वाजेल असा. वच्छलाबाईला द्यायचा, असं ठरवून गेले खरी, पण हात पुढे होईना. पुन्हा एक आवाज, पुन्हा मीच आणणार. शेवटी सांगून टाकलं. ती म्हणाली, "लावा."

ओट्यावर पेटी ठेवली, बटण दाबलं. ढेकूळ मुठीत दाबायचं, भाऊ सांगू लागले. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसली. डोळे उघडे, हात मांडीवर. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. पाच-सात मिनिटं गेली असतील, एवढ्यात अंगणातल्या नळानं खर्र केलं. हवा सुटली, गढूळ पिचकारी आली, आणि मग धार. दहाव्या दिवशीची.

ती उठलीच. पदर खोचला, दोन्ही हातांनी पाण्याचे रिकामे पितळी गुंड उचलले. मी पेटी बंद करायला वाकले.

"बोलू द्या त्याइले," ती नळाकडे धावता धावता ओरडली. "तुमी इकडं या, मॅडम. ते ड्रम सरकवा आदी. पानी आलं!"